भजनामागचे घर : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन

दरवर्षी ९ मे हा दिवस मराठी ख्रिस्ती समाजासाठी एका कवीचे स्मरण घेऊन येतो. १९१९ साली याच दिवशी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रभूच्या घरी गेले. त्या घटनेला शंभरहून अधिक वर्षे लोटली. तरी मराठी उपासनेत टाळ-मृदंग वाजू लागला की टिळक आपल्यात येऊन बसतात. त्यांचे नाव ठाऊक नसलेली लहान मुलेसुद्धा त्यांचे शब्द गातात. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्यांनी सेवा केली. परंतु ज्या गीतांनी प्रभू येशूला मराठी माणसाच्या ओटीवर आणि माजघरात नेऊन बसविले, ती गीते कोणा एका पंथाची राहत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातील आम्हा भाविकांना टिळकांविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, असे आणखी एक कारण आहे. गाणे ही आमच्या मातीची जुनी उपज आहे. संत चोखामेळ्यांचे मंगळवेढे आमचे, कवी राम जोशी सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे. आणि या सर्वांच्या मागे उभे असलेले पंढरपूर तर अवघ्या मराठी गाण्याचे माहेर. याच पंढरपुराने टिळकांच्या घरातील सर्वांत कठीण काळ पाहिला आहे. टिळकांची कन्फेशन म्हणावी अशी सारी कविता ज्या घरातून आली, ते घर एकदा मोडून पडले होते आणि पुन्हा उभे राहिले होते. आज आम्ही कवी टिळकांचे जीवन सांगणार आहोत, ते या घराला बरोबर घेऊन. कारण त्यांचे गाणे आणि त्यांचा संसार ही दोन निरनिराळी चरित्रे नाहीत.

बालपण आणि कीर्तनाचा नाद

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक, हळव्या मनाच्या आणि गाण्याची आवड असणाऱ्या होत्या. नारायणरावांना कवितेचा वारसा आईकडून मिळाला. अवघ्या अकरा वर्षांच्या आसपासच्या वयात आईचे छत्र हरपले आणि त्यानंतर त्यांच्या आयुष्यात भटकंती सुरू झाली, ती पुढे बराच काळ थांबली नाही.

नाशिकला येऊन त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. संस्कृत काव्य त्यांच्या जिभेवर बसले; त्याचबरोबर कीर्तन आणि पुराण सांगण्याचीही त्यांना गोडी लागली. कीर्तनकार हा एकाच वेळी गायक, कवी, कथेकरी आणि उपदेशक असतो. श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तो पद लांबवितो, दृष्टांत बदलतो आणि टाळकऱ्यांना बरोबर घेऊन सभेला गावयास लावतो. टिळकांना पुढे ख्रिस्ती सेवेत जे उपयोगी पडले, त्याची तयारी अशी नकळत आधीच होऊन गेली होती. देव माणसाला बोलाविण्यापूर्वी त्याच्या हाती लागणारी अवजारे आधीच ठेवून देतो, असे आम्हांस वाटते.

१८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. त्यांचा जन्म १८६८ सालचा, म्हणजे विवाहसमयी त्या बारा वर्षांच्याही आतबाहेर होत्या. त्यांच्या माहेरी सोवळ्या-ओवळ्याचा अतिरेक होता. वडिलांच्या शुद्धतेच्या कल्पना इतक्या कठोर होत्या की घरातील लेकरांचा जीव मेटाकुटीस येई. अक्षरओळख तर मुळीच नव्हती. पतीने हौसेने शिकवावयास घेतले. वाचता येऊ लागले, परंतु जोडाक्षरांशी लक्ष्मीबाईंचे सूत कधीच नीट जमले नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. या लेखाच्या शेवटी तिचे महत्त्व कळून येईल.

संसाराची पहिली वर्षे सुखाची नव्हती. टिळक बुद्धिमान, उदार आणि प्रेमळ होते. परंतु तितकेच तापट आणि लहरी होते. नोकरी धरावी, सोडावी, गाव बदलावे, घरी न कळविता निघून जावे, असे अनेकदा घडे. दरम्यान मुले झाली आणि लहानपणीच गेली. १८९१ साली दत्तूचा, म्हणजे देवदत्ताचा जन्म झाला आणि घरात पुन्हा पाळणा हलला.

आगगाडीतील पुस्तक

त्या सुमारास टिळक नागपुरास होते. संस्कृत ग्रंथांचे काम, नियतकालिकाचे संपादन, वक्तृत्व यांमुळे विद्वान म्हणून त्यांचे नाव झाले होते. देशाचे भले व्हावयाचे तर धर्माचा नवा विचार झाला पाहिजे, या ध्यासाने ते अस्वस्थ होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या सद्गृहस्थाने निरोप घेताना त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती केवळ शब्द दिला म्हणून वाचावयास घेतली आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले. त्या तीन अध्यायांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही आणि मागेही फिरू दिले नाही.

दोन वर्षांच्या मनोमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार घेतला. त्या काळी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात हे पाऊल म्हणजे जिवंतपणी मरण होते. मित्र तुटले, नोकरीचा आधार गेला, आप्तांच्या घरांची दारे बंद झाली. या गोष्टी टिळकांनी जाणूनबुजून स्वीकारल्या होत्या. परंतु एक गोष्ट आम्ही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत ज्या स्त्रीला मोजावी लागणार होती, तिला बरोबर घेऊन हे पाऊल टाकणे त्यांना साधले नाही. बातमी लक्ष्मीबाईंवर वीज कोसळावी तशी कोसळली. नवरा हयात असून संसार संपला, अशी त्यांची अवस्था झाली.

पंढरपूरचे दिवस

नातलगांनी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला आपल्याकडे घेतले. त्यानंतरची चार वर्षांहून अधिक काळाची ताटातूट मराठी ख्रिस्ती इतिहासातील एक हृदयद्रावक प्रकरण आहे. या काळातील काही दिवस लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढले. सोलापूरहून पंढरपूर जेमतेम सत्तर किलोमीटर. चंद्रभागेचे वाळवंट, पहाटेची काकडआरती, एकादशीची दाटी, दिंड्यांचे टाळ हे सारे आम्हां सोलापूरकरांच्या नित्याच्या ओळखीचे. त्या गर्दीत एक तरुण स्त्री लेकराचा हात धरून उभी आहे, तिच्या कपाळी कुंकू आहे आणि तरीही लोक तिच्याकडे कीव करून पाहत आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे धर्मांतराच्या चर्चेत सहसा न बोलला जाणारा भाग आपल्याला दिसू लागतो.

दत्तूला सांभाळणे, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे आणि आतल्या आत झुरणे, एवढेच लक्ष्मीबाईंच्या हाती उरले होते. दुसरीकडे टिळकही सुखात नव्हते. त्यांना दुसरा विवाह करण्याचा मार्ग लोक सुचवीत; त्यांनी तो मनात येऊ दिला नाही. त्यांनी पत्नीला पत्रे लिहिणे सोडले नाही, भेटीची खटपट सोडली नाही. विवाहाचे बंधन देवाने जोडलेले आहे आणि धर्म बदलल्याने ते तुटत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. कॅथलिक वाचकांना या निष्ठेचे मोल वेगळे सांगावयास नको.

येथे एक गोष्ट आमच्या मनाला विशेष भावते. ज्या पंढरीच्या दारात लक्ष्मीबाई अश्रू ढाळीत होत्या, त्याच पंढरीच्या वाटेवर टिळकांची ख्रिस्ती कविता जन्म घेत होती. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांना सोडून टिळक ख्रिस्ताकडे गेले नाहीत. तुकोबांचा अभंग हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविणारा पूल आहे, असे ते मानीत. पती-पत्नी दोन धर्मांत, दोन गावांत विभागलेली असताना दोघांच्या कानी मात्र एकाच परंपरेचे गाणे होते.

पुन्हा एक चूल

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या. (या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले.) त्या आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन आल्या. त्यांच्यावर धर्माची सक्ती करावयाची नाही, हे टिळकांनी मान्य केले आणि पाळले. एका घरात दोन आचार सुरू झाले. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, शिवाशिवीचे नियम वेगळे. मध्ये दत्तू. पूर्वीच्या तापट टिळकांना हे साधले नसते. ख्रिस्ताने त्यांना प्रथम जे शिकविले, ते धीर धरणे होय.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन वादविवादाने झाले नाही. रोजच्या व्यवहारात त्यांनी जातिभेदाचा विचार केला आणि हा भेद देवाचा नसून माणसाचा आहे, असे त्यांच्या मनाने एके दिवशी घेतले. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यावयास त्या तयार झाल्या. ज्या मुलीच्या माहेरी सावलीचासुद्धा विटाळ मानला जाई, तिच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे. १९०० साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पतीने पाच वर्षे वाट पाहिली होती; पत्नी आपल्या पायांनी आली.

भजनाची नवी चाल

आता टिळकांच्या संगीतसेवेकडे वळू. त्या काळच्या मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे मोठ्या प्रमाणावर गाइली जात. चाल परदेशी, शब्द मराठी. त्या चालीत शब्द बसविताना ऱ्हस्व दीर्घ होई, दीर्घ ऱ्हस्व होई आणि खेड्यातून आलेल्या साध्या माणसाच्या तोंडी ते गीत बसत नसे. हातात पुस्तक नसेल तर त्याला गाताच येत नसे. आणि पुस्तक असले तरी वाचता येणारे थोडे होते.

टिळकांनी अभंग आणि भजन हाती घेतले. अभंगाचा चरण आटोपशीर असतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांचे चार चरण, त्यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्याचे यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. एकाने म्हणावे, सर्वांनी मागून म्हणावे. धृपद परत परत येते, त्यामुळे निरक्षर माणूसही दोन आवर्तनांत गाऊ लागतो. टाळ, मृदंग, एकतारी एवढी साधने पुरे. ख्रिस्ताचे चरित्र, त्याची क्षमा, त्याचे दुःखसहन हे सारे या साच्यात आले, तेव्हा ते परके राहिले नाही. प्रभू येशू हा भक्ताचा सखा, गुरू आणि माउली झाला.

हे कार्य टिळकांनी शून्यातून आरंभिले नाही. अहमदनगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी त्यांच्या आधी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. आणखी मागे गेले तर आपल्या ख्रिस्तसभेतील येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १९०७ साली मंगळूरच्या जे. एल. सालदान्हा यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले. टिळकांनी १९०९ साली आपल्या ख्रिस्तायन या महाकाव्यास आरंभ केला. तीनशे वर्षांच्या अंतराने एक इंग्रज धर्मगुरू आणि एक कोकणी ब्राह्मण एकाच ओवीच्या वाटेवर चालले, ही देवाची करणी होय.

टिळकांची भजने झपाट्याने पसरली. मराठी मंडळ्यांच्या उपासना संगीतात जी सुमारे सातशे गीते होती, त्यांपैकी अडीचशेच्या आसपास एकट्या टिळकांची होती. अभंगांजलीने त्यांच्या अंतःकरणाची वाट वाचकांस दाखविली. डॉ. निकोल मॅक्निकोल यांनी त्यांची काही पदे इंग्रजीत नेली आणि त्यांतील एक पाश्चात्त्य देशांतील गीतसंग्रहांत जाऊन बसले. ज्या देशांतून आपण गीते उसनी आणीत होतो, त्या देशांना आपण एक गीत परत दिले.

रिकामे डबे आणि भरलेले घर

आता या गीतांमागचे घर पाहू. टिळकांना मिशनचा पगार मिळे, पण तो घरी पोहोचेलच याची खात्री नसे. वाटेत कोणी अडलेला भेटला की बाजारासाठी घेतलेले पैसे त्याच्या हातात जात. पाहुणा घरी आणताना घरात पीठ आहे की नाही, हा विचार त्यांना शिवत नसे. दानाचे पुण्य पतीचे आणि चूल पेटविण्याची काळजी पत्नीची, अशी ही वाटणी होती. लक्ष्मीबाई चिडत, भांडत आणि अखेर काहीतरी शिजवून पानात वाढीत. त्यांच्या विनोदबुद्धीने हे घर अनेकदा तरले.

दत्तू आणि तारा यांच्याबरोबर या घरात आणखी कितीतरी मुले वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळाने पोरकी केलेली लेकरे, शिकावयास आलेले विद्यार्थी, घरातून बाहेर पडलेले तरुण यांना येथे आसरा मिळे. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली, तीही भीती बाजूला सारून.

या पाहुण्यांतील सर्वांत लाडका म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाची कविता ऐकून सारे थक्क झाले आणि तो बालकवी म्हणून ओळखला जाऊ लागला. टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले. टिळकांनी त्याच्या कवितेकडे लक्ष दिले आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्या जेवणाकडे, रुसव्याकडे आणि एकटेपणाकडे. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि व्हावा अशी अट त्या घराने घातली नाही. ५ मे १९१८ रोजी रेल्वेच्या अपघातात तो गेला, तेव्हा टिळकांच्या घरात पोटचा मुलगा गेल्याचे दुःख झाले.

टिळकांना महाराष्ट्राने फुलामुलांचे कवी म्हटले, ते उगाच नव्हे. मुले त्यांच्या कवितेत येतात, ती दूरवरून पाहिलेली नाहीत. ती त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली आहेत. बालबोधमेवा या मुलांच्या मासिकाचे त्यांनी संपादन केले. १९१२ पासून अखेरपर्यंत ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १९१४ साली टिळकांची कविता हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या वाचकांत ख्रिस्ती नसलेलेच अधिक होते. धर्मांतराच्या वेळी ज्या समाजाने दारे लावून घेतली होती, त्याच समाजाने कवितेसाठी ती पुन्हा उघडली.

देवाचा दरबार

वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर बहुतेक माणसे विसाव्याचा विचार करतात. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि पगार सोडला. ख्रिस्ताच्या अनुयायांचा एक असा बंधुभाव उभा करावा की ज्यात स्नानसंस्कार घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्तभक्त म्हणून एकत्र बसतील, असे त्यांचे स्वप्न होते. त्याला त्यांनी देवाचा दरबार हे नाव दिले आणि साताऱ्यास बिऱ्हाड हलविले. स्नानसंस्काराविषयीचा त्यांचा हा विचार आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळणारा नाही, हे आम्ही स्पष्ट करतो. परंतु भारतीय पेहरावात, भारतीय रीतीने, आश्रमी साधेपणाने ख्रिस्ताला भजावे, ही त्यांची तळमळ पुढे अनेकांना वाट दाखविणारी ठरली. त्यांचे पहिले इंग्रजी चरित्र १९२३ साली लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी स्वतः ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम स्थापन केला.

या वेळी मात्र १८९५ सालचा प्रकार घडला नाही. लक्ष्मीबाईंना पगार सोडणे पसंत होते असे नव्हे. पुन्हा एकदा उद्याची काळजी त्यांच्याच पदरात पडणार होती. पण या वेळी त्या पतीच्या मागे फरफटत गेल्या नाहीत, बरोबरीने गेल्या. बावीस वर्षांपूर्वी एकट्याने उचललेल्या पावलाने घर मोडले होते. दोघांनी उचललेल्या पावलाने गरिबी आली, पण घर टिकले. पती-पत्नींच्या जीवनाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनात धरावा, असे आम्हांस वाटते.

दरबाराला दोन वर्षेही लाभली नाहीत. प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी टिळकांची प्राणज्योत मालवली. ख्रिस्तायनाचे जेमतेम अकरा अध्याय झाले होते आणि त्यांतीलही शेवटचा अपुरा होता.

अपुरी ओवी पुरी होते

आता वाचकांनी ती जोडाक्षरे आठवावीत. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेले होते. हातात पैसा नव्हता. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, पुढे मुलाच्या नोकरीमुळे कराचीचा मुक्काम, अखेर नाशिक, असे त्यांचे दिवस गेले. या साऱ्यात त्यांनी पतीचे अपुरे महाकाव्य पुढे नेले. ज्यांना कधी शाळा ठाऊक नव्हती, त्यांनी ख्रिस्तायनास आणखी चौसष्ट अध्यायांची जोड दिली. १९३८ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ते पाहण्यास त्या या जगात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले होते.

त्याच उतारवयात, मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून, त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी सांगितल्या. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेली स्मृतिचित्रे आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. त्यात टिळकांची पूजा नाही. त्यांचा राग आहे, विसराळूपणा आहे, हट्ट आहे आणि या सर्वांहून मोठे असे प्रेम आहे. संतांच्या चरित्रात क्वचितच सापडणारा सच्चेपणा त्यात आहे. टिळकांची भजने आपल्याला गायकाचे मन दाखवितात. स्मृतिचित्रे त्या गायकाच्या घरातील चूल दाखवितात. दोन्ही वाचल्याशिवाय टिळक पुरते कळत नाहीत.

ज्या पत्नीला बरोबर न घेता टिळकांनी ख्रिस्ताची वाट धरली होती, तिनेच त्यांचे ख्रिस्ताचे चरित्र पुरे केले. ज्या मुलाचे बालपण बापाविना गेले होते, त्यानेच आईवडिलांचे साहित्य जपून जगापुढे ठेवले. या कुटुंबाच्या इतिहासात प्रभूने तुटलेले धागे असे एक-एक करून जोडले.

आपल्यासाठी

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा संविधान ग्रंथ प्रसिद्ध केला. मिशन देशांतील लोकांची स्वतःची संगीत परंपरा त्यांच्या धार्मिक व सामाजिक जीवनात मोठे स्थान राखून असते आणि तिला योग्य मान दिला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. त्यानंतर आपल्या चर्चमध्ये मराठी मिस्सा आली, तबला आणि पेटी आली. जी गोष्ट आपण परिषदेनंतर शिकलो, ती टिळकांनी सहा दशके आधी करून दाखविली होती, हे कृतज्ञतेने मान्य करणे आपले कर्तव्य आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबातील प्रेमाविषयी जे प्रेषितीय बोधपत्र लिहिले, त्यात कोणतेही कुटुंब स्वर्गातून परिपूर्ण होऊन उतरत नाही, प्रेम करण्याच्या शक्तीत त्याला हळूहळू वाढावे लागते, अशा आशयाचा विचार मांडला आहे. टिळकांचे घर हे त्याचे आपल्या मातीतील उदाहरण होय. आमच्या धर्मग्रामांत गायनवृंदात सेवा करणारे अनेक बंधुभगिनी दिवसभर यंत्रमागावर, कारखान्यात, शाळेत किंवा रुग्णालयात राबून संध्याकाळी सरावाला येतात. कोणाचे मूल घरी आजारी असते, कोणाच्या घरी स्वयंपाक व्हावयाचा असतो. ते गातात तेव्हा त्यांच्या घरातील कोणीतरी त्यांच्या वाटचे काम करीत असते. त्या न दिसणाऱ्या माणसाचाही त्या भजनात वाटा आहे, हे टिळकांचे चरित्र आपल्याला शिकविते.

म्हणून येत्या रविवारी टिळकांचे एखादे पद आपल्या ओठी आले, तर त्या कवीबरोबर पंढरपुरात लेकराचा हात धरून उभ्या असलेल्या त्या मातेचेही स्मरण करू या. आपल्या घरी परतल्यावर, ज्यांच्या कष्टांमुळे आपल्याला प्रभूसाठी वेळ देता येतो, त्यांचे आभार मानू या. प्रभू येशू आपल्या सर्वांच्या घरांत धीर, क्षमा आणि गाणे नांदते ठेवो, हीच प्रार्थना.